बहुमतानं ठरवलेली वात

मेणबत्तीच्या वातीला किती पदर असावेत हे आम्ही सिल्वासाजवळच्या सामरवरणीच्या चाळीत सभा घेऊन, हात वर करून ठरवलं. हसायचं असेल तर हसून घ्या. सभेची अध्यक्ष मी होते, ठराव माझा होता, आणि तो प्रचंड बहुमतानं मंजूर झाल्याची नोंद वहीत माझ्याच अक्षरात आहे.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. वडील सिल्वासाला सरकारी कचेरीत कारकून. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, पण माझी शाळा सगळी इथलीच. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. गावाच्या चारी बाजूंनी नवनव्या शेड उभ्या राहत होत्या, आणि धुळ्या-नंदुरबारकडून आलेली माणसं त्यांत तीन पाळ्यांनी धागा गुंडाळत होती, प्लास्टिक ओतत होती. मी कामगारांच्या एका लहानशा मंडळात होते. माझं काम पत्रकांचं. मजकूर लिहायचा, स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या, कणकेची खळ शिजवायची आणि भिंतीवर चिकटवायच्या. माझी खळ अशी की पत्रक ओढलं तर भिंतीचा चुना सोबत यायचा. याचा मला फार अभिमान होता.

ज्या चाळीची ही गोष्ट आहे तिथं चाळीस खोल्या आणि एकच मीटर. मुख्य बटण मालकाच्या ओट्यावर. मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठला कुणी उलट बोललं की त्या संध्याकाळी सातला अख्ख्या चाळीचे दिवे जायचे. विचारायला गेलं तर पान चघळत म्हणायचा, ‘‘उपरथी गई छे.’’ वरूनच गेली म्हणे! शेजारच्या चाळीत ढणढणीत उजेड असायचा.

हे मला कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, त्यानं घालवायच्या आधी आपणच घालवायचे. तीन संध्याकाळ, सात ते दहा, चाळीत एकही बल्ब लावायचा नाही. प्रत्येक खोलीत आपल्या हातानं केलेली मेणबत्ती. बटणाचा धाक संपला, हे शेठला डोळ्यांनी दिसू दे. बायकांना हे पटलं. पत्रकाचा मथळा तर मला सभेच्या आधीच सुचला होता: ‘तुझं बटण तुला लखलाभ!’

मेण मावशीमुळे मिळालं. मावशी म्हणजे चाळीच्या टोकाच्या खोलीतली, शिरपूरकडची, पन्नाशीची बाई. लहान-थोर सगळे तिला मावशीच म्हणत. तिचा नवरा गलोंड्याच्या बाजूला एका साबणाच्या कारखान्यात होता. तिथं पामतेलाचं मेण पोत्यांतून यायचं, पांढरं, कडक, साबणाच्या चुऱ्यासारखं. पोती फुटून जमिनीवर सांडलेलं मेण त्यानं सुपरवायझरला विचारून, गेटपास करून घेऊन, सायकलवर लादून आणलं. गेटपासचा कागद मावशीनं मला मुद्दाम दाखवला होता. मी बघितल्यासारखं केलं.

साचे धाग्याच्या कारखान्यातले. धागा ज्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळतात त्या दबल्या-चेपल्या की फेकून देतात. मनगटाएवढ्या जाड नळ्या. तळ चिकणमातीनं बंद केला की साचा तयार.

वातीची कल्पना मात्र माझी. मी म्हटलं, वात कारखान्यातल्या धाग्याचीच हवी. जो धागा आपण गुंडाळतो तोच आपल्या घरात उजेड करील, असं वाक्यसुद्धा लिहून ठेवलं होतं. वाया गेलेल्या धाग्याचा एक गुंडा मी सभेत आणला आणि सगळ्यांसमोर उंच धरला.

मावशीनं त्याचं टोक हातात घेतलं आणि काडी ओढली. धागा आखडला, टोकाला काळा मणी झाला, आणि तो मणी टपकन तिच्या पाटावर पडला.

‘‘माय व,’’ मावशी म्हणाली, ‘‘हा तं पॉलिस्टर. हा जळत नाही ताई, रडतो.’’

बायका हसल्या. एकजण म्हणाली, ‘‘ताई, तुमची साडी बी तीच जात हाय बरं का, चुलीपासून लांब बसा.’’ दुसरी म्हणाली, ‘‘गप गं, पत्रक काढतील तुझ्यावर!’’ मग तर पदर तोंडाला लावून लावून हसल्या. मीही हसले. हसले म्हणजे दात दाखवले. कान तापले होते. पॉलिस्टरच्या गावात वाढलेली मी, पॉलिस्टर जळण्याआधी वितळतो हे मला कळू नये? आणि ते एका अंगठेबहाद्दर बाईनं मला सांगावं? हा शब्द तेव्हा माझ्या मनात आला होता. शोषितांची बाजू घेऊन भिंती रंगवणाऱ्या माझ्या मनात. तो इथं लिहायला नको वाटतो, पण आला होता.

मग सुती दोरा आणला, गाद्या शिवायचा. प्रश्न आला, किती पदरी वात वळायची? मी बाजारातली एक मेणबत्ती फोडून आणली होती. तिची वात बारीक होती. मी म्हटलं, कंपन्या काय मूर्ख आहेत का? तीन पदर पुरे.

मावशी म्हणाली, ‘‘बाजारची मेणबत्ती बोटाएवढी असते ताई. आपली ही मनगटाएवढी. त्यात हे मेण कडक. वात जाड लागंल. आधी दोन-चार जाळून पाहू नं.’’

गावी असताना देवळातल्या समया तिच्याकडे असायच्या. वात नि तेल यांचं कसं जमतं ते तिला हातानं माहीत होतं. पण सभेत एकदा माझं हसं झालेलं असताना पुन्हा तिचंच खरं करायचं, हे मला जमेना. मी म्हटलं, ‘‘मावशी, इथं कुणा एकाचं चालत नाही. आपण मत घेऊ.’’

मत घेतलं. तीन पदरी वातीच्या बाजूनं भराभर हात वर झाले. त्यातल्या निम्म्या बायकांनी माझ्याकडे बघून हात वर केले, हे मला तेव्हाही दिसत होतं. विरोधात कोण, असं विचारलं तेव्हा मावशीनं हात वर केलाच नाही.

‘‘वातीले काय माहीत,’’ ती म्हणाली, ‘‘कोणाचे हात किती ते.’’

ते वाक्य मी नोंदीत घेतलं नाही.

मेणबत्त्या मात्र देखण्या झाल्या. पातेल्यात मेण चांगलं कढत करून ओतलं आणि नळ्या गोणपाटात गुंडाळून सावकाश निवू दिल्या. निवताना मेण मधून खचतं, आत पोकळी राहते, म्हणून मावशी दाभणानं वातीच्या बाजूनं भोकं पाडून वरून पुन्हा मेण घालत होती. तेवढं आम्ही तिचं ऐकलं, कारण खड्डा डोळ्यांना दिसत होता. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा सोलला तर आत पांढऱ्याशुभ्र मेणावर पिसांसारखी नक्षी उमटलेली. पामच्या मेणाचा तो गुणच आहे. बायका बोट फिरवून बघत होत्या. मी तर जिंकल्यासारखी फिरत होते. एकही मेणबत्ती आम्ही आधी लावून पाहिली नाही. लढ्याच्या मेणबत्त्या लढ्यातच पेटणार, असं मीच जाहीर केलं होतं.

पहिल्या संध्याकाळी सातला सगळे बल्ब आम्ही आपल्या हातानं बंद केले. चाळीस दारांत चाळीस ज्योती. पंधरा-वीस मिनिटं मी त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा मोजत होते.

मग एकेक करून ज्योती लहान व्हायला लागल्या. बारीक वातीची बारीक ज्योत. ती आपल्याभोवतीचं थोडंसं मेण वितळवायची आणि मधोमध विहीर खणत खाली जायची. कडेचं मेण तसंच उभं. विहिरीत पातळ मेण साचायचं, वात त्यात बुडायची, की फुस्स. पुन्हा पेटवावी तर वातीचं टोकच सापडेना. कुणी मेण ओतून दिलं, कुणी सुरीनं कडा कापल्या. ज्योत पाच मिनिटं तगायची आणि पुन्हा बुडायची. मुलं रडायला लागली. दुसऱ्या पाळीची माणसं जेवायला यायची वेळ झाली. आठ वाजता मधल्या खोलीत पहिला बल्ब लागला. मग शेजारचा. मग पटापट.

कोपऱ्यावरची गुजराती बेन दारातून ओरडली, ‘‘बेन, तमारी क्रांती तो बुझाई गई!’’ तिच्या मनात काही वाईट नव्हतं, ती सगळ्यांचीच चेष्टा करायची. पण शेठ ओट्यावर आला. बटणाला त्यानं हातसुद्धा लावला नाही. खिशातून काडेपेटी काढून माझ्यासमोर धरली आणि अगदी प्रेमानं विचारलं, ‘‘माचिस जोइए?’’

मी सायकल काढली आणि घरी आले. आमच्या क्वार्टरमध्ये ट्यूबलाइट लागलेली होती, वडील पेपर वाचत होते. आईनं ताट वाढलं. मी जेवले नाही. त्या ट्यूबलाइटखाली बसून पत्रक लिहिलं.

मथळा: ‘मेणात भेसळ!’ खाली: ‘आपल्याच माणसांनी हलकं मेण आणून आपल्या लढ्याशी दगा केला आहे. मेण कुठून आलं हे सर्वांना ठाऊक आहे. अशांना ओळखा, दूर ठेवा.’ नाव घातलं नाही. नाव न घालता बोट कसं दाखवायचं ते मी मंडळात पहिल्या वर्षीच शिकले होते. शिकले होते ते शेठसारख्या माणसांसाठी. वापरलं मावशीवर.

भेसळीचा माझ्याकडे काय पुरावा होता? काही नाही. मेण हलकं म्हणजे काय असतं तेही मला माहीत नव्हतं. सकाळी सहाच्या आत ते पत्रक चाळीच्या नळावरच्या भिंतीला चिकटलेलं होतं, माझ्या पक्क्या खळीनं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कारण चार दिवस मी तिकडे फिरकलेच नाही. बाकीच्या दोन संध्याकाळी आपोआप रद्द झाल्या. जे झालं ते नंतर बेननं सांगितलं. नळावर मावशीचा हंडा रांगेतून मागे सरकवायला लागले. ती आली की बोलणं थांबायचं. तिच्या नवऱ्याला पाळीवर लोक विचारायचे, ‘‘काय भाऊ, चांगलं पोतं कुठं खपवलं?’’ शेवटी ते सुपरवायझरच्या कानावर गेलं, आणि त्यानं सगळ्यांचेच गेटपास बंद केले. नवरा घरी येऊन मावशीला एवढंच म्हणाला, ‘‘मी चोर नाही हे तुले तरी माहीत हाय ना?’’

पाचव्या दिवशी मी गेले. माफी मागायला नाही. उरलेलं मेण मंडळाच्या ताब्यात घ्यायला.

मावशीनं मला आत ये म्हटलं नाही. तिच्या उंबऱ्यापाशी बुटक्या नळ्यांत ओतलेल्या मेणबत्त्या ओळीनं मांडल्या होत्या, जळून अर्ध्या झालेल्या. प्रत्येकीला एक दोरा बांधलेला आणि दोऱ्याला गाठी. ती खाली बसली आणि मला उभंच ठेवून दाखवायला लागली.

‘‘या तीन गाठी. तुमची बहुमताची. पाहा, बुडाली. या चार. ही बी बुडाली, जरा उशिरानं. या पाच, सहा. जळते, पण कडंला मेण राहतं. या नऊ गाठी. ही पाहा कशी, भुतावाणी. धूर नी काजळी, टोकाले काळी बोंडी.’’ मग तिनं सात गाठींची उचलली. वरचं मेण कडेपर्यंत सपाट, आरशासारखं वितळून पुन्हा थिजलेलं. ‘‘ही सात पदरी.’’

मी वात बघितली. ती पिळलेली नव्हती, वेणीसारखी चपटी गुंफलेली होती. पिळलेली वात ताठ उभी राहते आणि टोकाला काजळी धरते. चपट्या वेणीचं टोक जळता जळता बाजूला वळतं आणि आपलं आपण झडतं. तोंड आल्यावर लावायला घरात टाकणखार होता, त्याच्या पाण्यातून तिनं दोरा काढून उन्हात वाळवला होता, म्हणजे राख कमी पडते. ओतायच्या आधी वात गरम मेणात बुडवून ठेवली होती, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. आणि पेटवताना वरचं टोक गव्हाच्या दाण्याएवढं ठेवून बाकीचं कापलेलं. हे सगळं तिनं चार दिवसांत, नळावर कुणी बोलत नसताना, एकटीनं केलं होतं.

‘‘मेण?’’ मी विचारलं.

‘‘तेच. त्याच पोत्यातलं. चाखून पाहा पाहिजे तर.’’

मी म्हटलं, ‘‘मावशी, मी आजच दुसरं पत्रक काढते.’’

आणि खरंच तिथल्या तिथं, तिच्या उंबऱ्यावर बसून लिहिलं. लिहायला मला कधीच वेळ लागत नाही, हाच तर रोग आहे. तिला वाचून दाखवलं: ‘काही तांत्रिक कारणांमुळे मेणबत्त्यांच्या बाबतीत जो गैरसमज निर्माण झाला होता तो दूर झाला आहे. सर्वांनी एकजुटीनं पुढे जावे.’

ती म्हणाली, ‘‘ह्यात मी कुठं हाय?’’

‘‘नाव कशाला घालायचं मावशी, उगाच चर्चा…’’

‘‘पहिल्यात बी नाव नव्हतं. तरी सगळ्यांले कळलं. ह्यात बी नाव नाही, नी कोणालेच काही कळणार नाही.’’

माझ्या लिखाणाची अशी नेमकी चिरफाड मंडळातल्या एकाही शिकलेल्या माणसानं केली नव्हती.

‘‘मग काय करू?’’

‘‘कागद नको. सकाळी पाणी येतं तेव्हा नळावर ये. नी तोंडानं बोल.’’

दुसऱ्या दिवशी सहाला मी नळावर होते. झाडून सगळ्या बायका होत्या, हंडे-बादल्यांची रांग भिंतीपर्यंत, आणि भिंतीवर माझं पत्रक. मावशी शेवटी, आपला हंडा कडेवर घेऊन. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, ‘‘भगिनींनो, गेल्या आठवड्यात आपल्या आंदोलनात काही…’’

तेवढ्यात नळ खाकरला आणि पाणी आलं. झालं! बादल्यांचा खडखडाट, ‘‘माझा नंबर,’’ ‘‘ए, सरक ना.’’ माझं कुणी ऐकेना. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सुटले, वाटलं. आले होते, बोलले होते, पाणी आलं त्याला मी काय करणार. मी मागे सरकायलाही लागले होते.

मावशीनं आपला हंडा खाली ठेवला, रांगेतून पुढे गेली आणि नळ बंद केला. नळावर हात तसाच ठेवून उभी राहिली.

‘‘अगं, पाणी जाईल!’’

‘‘मावशी, अर्ध्या तासाचं तर येतं!’’

‘‘जाऊ दे,’’ मावशी म्हणाली. ‘‘ताईले बोलायचं हाय.’’

सगळ्या माझ्याकडे वळल्या. प्रत्येकीच्या डोळ्यांत एकच होतं, काय ते लवकर बोल. भाषणाला जागाच नव्हती.

मी म्हटलं, ‘‘मेण चांगलं होतं. वात चुकली. वात मी ठरवली होती. मावशीनं आधीच सांगितलं होतं, जाड घ्या म्हणून. पत्रकात मी खोटं लिहिलं. मावशी आणि तिचा नवरा, दोघांचा काही दोष नव्हता.’’

मग बेननं विचारलं, चेष्टा न करता, ‘‘तर मग खोटं का लिहिलं, बेन?’’

मी म्हटलं, ‘‘घाईत.’’

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग नळ सोडला. कुणीतरी, कुणी ते मला गर्दीत दिसलं नाही, मावशीचा हंडा उचलून पहिला नळाखाली ठेवला. हंडा भरला, मावशीनं तो कडेवर घेतला आणि ती गेली.

पाणी गेल्यावर मी ते पत्रक काढायला बसले. माझीच खळ. पाणी लावलं, नखांनी खरवडलं, शेवटी बेननं विळी दिली. चुना निघाला, मागची वीट दिसली, आणि ‘दगा’ हा शब्द तरीही भिंतीला होता. तो जायला दुपार झाली.

मी स्वतः गलोंड्याला जाऊन सुपरवायझरला सांगितलं. मावशीच्या नवऱ्यासमोर सांगितलं. तो माझ्याकडे न बघता यंत्राकडे बघत होता. गेटपास पुन्हा सुरू झाले नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही तीन संध्याकाळ पुन्हा केल्या, उरलेल्या मेणाच्या, सात पदरी वेणीच्या वाती घालून. मेणबत्त्या तिन्ही दिवस दहापर्यंत जळल्या. एकही बल्ब लागला नाही. मावशीच्या दारातही एक मेणबत्ती होती. पण सभेला ती पुन्हा आली नाही. बोलवायला गेले की म्हणायची, ‘‘ठरवा तुम्ही. वाती पाहिजे असल्या तं पोरीले पाठवा.’’ आणि वाती तयार असायच्या, सारख्या लांबीच्या, मेणात बुडवून सरळ वाळवलेल्या.

नळावरच्या माझ्या कबुलीबद्दल मंडळात नंतर माझं कौतुक झालं. आत्मटीका करायला धाडस लागतं, असं कुणीसं म्हणालं. मी ते ऐकून घेतलं. नळ बंद करून कुणी उभं राहिलं नसतं तर मी बोललेच नसते, हे मी तिथं सांगितलं नाही.

आणि ‘घाईत’ हेही खोटंच होतं. मावशीला ते कळलं होतं, तिच्या त्या बघण्यातून मला दिसलं. घाई कसली? त्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मी दोन तास बसले होते, एकेक शब्द खोडून पुन्हा लिहीत होते. त्या दोन तासांत मेणाचा विचार एकदाही डोक्यात आला नव्हता. पाटावर टपकन पडलेला तो काळा मणी आठवत होता, आणि पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बायका. मावशीमुळे सगळ्यांसमोर माझं हसं झालं, म्हणून मी तिला चोर ठरवलं. बेनच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. ते मला येत होतं, आणि नळ बंद होता, सगळ्या ऐकत होत्या, तरी मी ते दिलं नाही.